वरचे आवाज

भोपाळ, २६ नोव्हेंबर

प्रिय अद्वैत,

मी शशिकला. ओळख पटत नसेल तर सांगते, तुझ्या बापाची आई. भोपाळला अरेरा कॉलोनीत तळमजल्यावर राहते, उंची बेताची, वरचे दात सगळे नकली. तू लहानपणी माझ्याच मांडीवर झोपायचास आणि माझ्याच पदराला नाक पुसायचास, आता काही आठवतंय का बघ. राखी झाली, गणपती झाले, दिवाळीही झाली. तिन्ही वेळा तू म्हणालास, आजी, रविवारी निवांत फोन करतो. तिकडे पुण्यात रविवार येतच नसेल तर तसं कळव. इथे दर आठवड्याला एक येतो, त्यातला एखादा डब्यात घालून पाठवून देईन.

हे पत्र सरोज लिहितेय, वरच्या मजल्यावरची. शाळेतून निवृत्त झाली तरी हातातला लाल पेन सुटलेला नाही. तुला सहावीत हिंदीत काठावर पास करणारी ती हीच. मी बोलते तसंच लिहायचं अशी मी अट घातलीय, पण बाईचा हात शिवशिवतो. मी खोकं म्हटलं की ती वाद्य लिहायला जाते. म्हणून थोडं लिहून झालं की मी तिला वाचून दाखवायला लावते आणि मोडलेलं पुन्हा जोडून घेते. तेव्हा यातलं शुद्धलेखन तेवढं तिचं, बाकी सगळं माझं. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ करतोस आणि मागे तुझी टकटक चालू असते. कागद हातात असला की माणसाला दुसरं काही करता येत नाही. आयुष्यात एक अक्षर न वाचलेल्या बाईकडून हे ऐकून घे.

बातमी अशी की तुझ्या बापाचं काही बरं चाललेलं नाही. ताप नाही, खोकला नाही, जेवतोही. पण येत्या तेरा डिसेंबरला शाहपुऱ्याच्या तलावाकाठी त्याचा कार्यक्रम आहे, अकरा वर्षांनी पहिला. मांडव उघड्यावर, दूरदूरची पोरं येणार आहेत. आणि त्या दिवशी तो सगळ्यांसमोर स्वतःचं हसं करून घेणार आहे असं मला स्पष्ट दिसतंय. त्याला थांबवणारं घरात कोणी नाही. मला जमलं असतं तर मी सरोजची बोटं कशाला झिजवली असती.

आता तुला माहीत असलेलंच थोडं सांगते, कारण सुरुवातीला हात लावल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. तुझे आजोबा कारखान्यात दुपारपाळीला असले की दुपारी दोन ते रात्री दहा घरात आवाज करायची मोकळीक असायची. तेवढ्या वेळात सत्यजित आणि त्याचा मित्र अमोल मागच्या खोलीत बसायचे. जुने रेडिओ, उघडलेले टेपरेकॉर्डर, एक अर्धमेला कॅसिओ आणि कुठकुठून गोळा केलेली खोकी एकमेकांना वायरींनी बांधायचे. म्हणून त्यांनी नाव घेतलं ‘दुपारपाळी’. त्यांची पहिली कॅसेट निघाली ‘भोंगा’. सरोज म्हणते आता अल्बम म्हणतात. लिही बाई, अल्बम. तू तेव्हा तीन वर्षांचा होतास. शेजारणी विचारायच्या मुलगा काय करतो, मी सांगायची, बिघडलेल्या मशिनी वाजवतो. गाणारं कोणी नाही, पेटी नाही, तबला नाही. धपधप, खरखर, आणि मध्येच कोणीतरी किंचाळल्यासारखी शिट्टी. आजोबा म्हणाले, मी आठ तास हेच ऐकून येतो, निदान घरी तरी नको. पण लोकांना आवडलं. दिल्लीची, बंगलोरची पोरं यायची, माझ्या हातचे पोहे खायची आणि मागच्या खोलीच्या दाराकडे देवळाच्या गाभाऱ्याकडे बघावं तशी बघायची. पुढे अमोल कॅनडात गेला तो तिकडचाच झाला, आणि नाव एकट्या सत्याकडे उरलं. आणखी दोन अल्बम निघाले. मग पॉलिटेक्निकातली नोकरी, तुझं शिक्षण, आजोबांचं अंथरूण, यात अकरा वर्षं खोली नुसतीच झाडली गेली. आणि या ऑगस्टात निघाला ‘तळ’.

‘तळ’वरून जी भांडणं लागलीत ती तुला ठाऊक असतीलच. मला सरोज रोज दुपारी चहाबरोबर तिच्या फोनमधून वाचून दाखवते. दोन तट पडलेत, भोंगावाले आणि तळवाले. इंदूरच्या एकाने लिहिलं की देवासच्या रस्त्यावर ‘तळ’ लावला तर दहा मिनिटांत डोळे मिटायला लागले, गाडी बाजूला घेऊन जुना ‘भोंगा’ लावला तेव्हा कुठे जिवंत घरी पोचलो. आणखी एक म्हणतो, अंकल, अब भजन बनाओ. जसं काही भजन बनवणं म्हणजे पापड भाजणं. एकाने लिहिलं की वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे नाही. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं की भाई, तू वीस वर्षं बसस्टॉपवरून हललाच नाहीस, यात त्यांचा काय दोष. नागपूरची एक मुलगी आहे, तिची आई बोलेनाशी झालीय. ती लिहिते की ‘तळ’ लावला की आईची बोटं चादरीवर हलतात. ते वाचताना सरोजला चष्मा दोनदा पुसावा लागला. आणि एक विद्वान आहे. त्याने चाळीस ओळी लिहिल्यात, की या अल्बममध्ये वरचे बारीक आवाज जाणूनबुजून टाकून दिलेत, हा आजच्या जगातल्या गोंगाटाला दिलेला नकार आहे, हे एका कलावंताचं वैराग्य आहे. सरोज म्हणाली, हा नक्की पीएच.डी. करत असणार. मी म्हटलं, करू दे बिचाऱ्याला, कुठेतरी चिकटेल.

मी कोणत्या बाजूची ते कोणी विचारलं नाही, तरी सांगते. मला ‘तळ’ आवडला. ताप आला की आपण कानावरून रजई घेऊन पडतो, आणि बाहेर घर चालू असतं, भांडी, पावलं, नळ, सगळं लांबून आणि मऊ होऊन येतं. तसं वाटलं. आपल्याला कोणी उठवत नाहीये पण सगळे आहेत, असं. हे मी सत्याला बोलूनही दाखवलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, आई, तू एकदम बरोबर बोललीस, आणि उठून गेला. मला वाटलं कौतुकाने भरून आलं असेल. मी पण एक खुळी.

सुरुवातीला भांडणांवर तो हसायचा. जेवताना मंजूषाला विचारायचा, आज भोंगावाले किती, तळवाले किती. तुझी आई शाळेतल्या वह्या तपासता तपासता हिशेब सांगायची. मग सप्टेंबरच्या अखेरीला कोणा एकाचं लांबलचक लिहिलेलं आलं, आणि त्या दिवसापासून हसणं बंद. जेवण खोलीत. दार लावून घेतलेलं. ‘तळ’मधले सगळे तुकडे त्याने पुन्हा करायला घेतलेत, कार्यक्रमात नवे वाजवायचे म्हणून. आणि काय करतोय हे माझ्या भिंतीतून मला ऐकू येतं. सुरीने स्टीलचं ताट खरवडावं तसं, शाळेतल्या फळ्यावर नख ओढावं तसं. शेजारच्यांचा कुत्रा सुरात सूर मिळवतो. मंजूषा वह्या घेऊन स्वयंपाकघरात गेली, मी दुपारची झोप सोडली. पण त्याला म्हणत कोणी काही नाही. मंजूषाचं म्हणणं, आई, पोरांनी म्हातारा म्हटलं, ते लागलंय त्याला, आता तरुण होऊन दाखवतोय, दाखवू दे. तिचं एका अर्थी खरं आहे. तिला जेवढं माहीत आहे तेवढ्यापुरतं.

मला जे माहीत आहे ते कसं कळलं ते सांगते. गेलं वर्षभर सत्या माझ्याजवळ येऊन बसायला लागला होता. कॉलेजातून आला की चपला काढून थेट माझ्या पलंगावर. हा काय म्हणाला, ती काय म्हणाली, बिट्टन मार्केटच्या हाटात आज भाजी काय होती, सगळं माझ्याकडून. मी इतकी सुखावले होते म्हणून सांगू. पन्नाशी उलटल्यावर का होईना, मुलाला आई आठवली. सरोजला चार वेळा ऐकवलं, तिचा मुलगा अमेरिकेत असतो ना, म्हणून मुद्दाम. मग एक दिवस बघितलं, मंजूषाने विचारलं, उद्या लवकर निघायचंय का, आणि हा म्हणाला, नको, पोळीच चालेल. ती हसली, तोही हसला. नंतर कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी शेजारी उभा राहून हा गॅस बंद करेना. इन्व्हर्टर अर्धा तास टीं टीं करत होता, आणि हा त्याच्याच शेजारी वर्तमानपत्र वाचत होता. पण मी पलीकडच्या खोलीतून माझ्या या घोगऱ्या आवाजात नुसतं सत्या म्हटलं की लगेच, हं आई. तेव्हा कळलं. त्याला आई आठवली नव्हती. माझा आवाज जाड आहे, तो तेवढा त्याच्यापर्यंत पोचत होता. बारीक सगळं गेलं होतं. तुझ्या आईचा आवाज बारीक आहे, बाळा, लग्नात सगळ्यांनी तिच्या त्याच आवाजाचं कौतुक केलं होतं.

घरात दुसऱ्या कोणाला हे कळलं नाही, कारण सत्या ते फार हुशारीने लपवत होता. पण लपवण्यात मी त्याची गुरू आहे. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला लिहिता-वाचता येत नाही हे तुझ्या आजोबांना दोन वर्षं माहीत नव्हतं. बँकेत गेले की माझा चष्मा घरी राहायचा, चष्मा लागायच्या आधीपासून. बसच्या पाटीकडे बघून मी शेजारच्या बाईला हसून विचारायची, हीच ना आपली. लग्नपत्रिका आली की हातात घेऊन म्हणायची, छपाई काय सुरेख आहे, बघा हो तुम्ही. वर्तमानपत्र उलटं धरायची चूक एकदाच झाली, मग चित्रातल्या माणसांची डोकी बघून धरायला शिकले. म्हणून सत्या जेव्हा प्रश्न विचारल्यावर आधी हसतो आणि मग तोंडाकडे बघतो, पंख्याचा आवाज होता म्हणतो, गॅसचा आवाज होता म्हणतो, सगळ्यांना आधी बोलू देतो आणि शेवटी मान हलवतो, तेव्हा मला प्रत्येक डाव ओळखू येतो. ते सगळे माझेच डाव आहेत, त्याने फक्त कानाला लावलेत.

एका दुपारी मी त्याला पकडलं. दार लावलं आणि विचारलं, कधीपासून. आधी काय कधीपासून म्हणून बघितलं. मग रडला. तुझ्या बापाला मी आजोबांच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला होता. दोन्ही कानांतले वरचे आवाज गेलेत, परत यायचे नाहीत, यंत्र लावा म्हणाले. यंत्र आणलं. लावून आपलंच संगीत ऐकलं तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाजलं म्हणाला. तेव्हापासून ते यंत्र एका मोज्यात गुंडाळून खणात पडलंय. ‘तळ’ हा अल्बम नकार नाही, वैराग्य नाही, म्हातारपणची झोप नाही. त्याला जेवढं ऐकू येत होतं तेवढं त्याने केलं, आणि त्याला वाटलं पूर्ण झालं. आता भोंगावाल्यांना काय सांगायचं आणि तळवाल्यांना काय. त्याने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला, की मंजूषाला सांगायचं नाही, कॉलेजात कळता कामा नये, आणि अद्वैतला तर मुळीच नाही. मी हो म्हटलं. सरोज मोजण्यात नाही, ती माझी लेखणी आहे असं मी आत्ता म्हटलं तर ती रुसून बसली होती, आलं घालून चहा दिला तेव्हा पुढे सरकली.

पण तो तुला एकदा विचारून बसला होता, अद्वैता. तोंडाने नाही. लहानपणी तू मागच्या खोलीत त्याच्या पायाशी बसायचास. काही टोचलं की दोन्ही कानांवर हात ठेवायचास, आणि तो तुझ्याकडे बघून तो आवाज कमी करायचा. पुढे मोठा झालास तेव्हाही प्रत्येक अल्बम आधी तुझ्या कानाखालून जायचा. अमोल इथे होता तेव्हा त्याला ते आवडायचं नाही, म्हणायचा, पोराला विचारून संगीत करतोस का. तर या जुलैत सत्याने ‘तळ’ पुरा करून तुला पाठवला, आणि दुसऱ्या कोणालाही पाठवला नाही. मनात धरून बसला होता की काही चुकलं असेल तर तू सांगशील, वर काही कमी वाटतंय म्हणशील, मग त्याला काही कबूल न करता ते भरून काढता येईल. अल्बम पन्नास मिनिटांचा आहे. तुझं उत्तर चार मिनिटांत आलं, पिवळा अंगठा. त्याने मला फोनवर दाखवला, आई बघ, अद्वैतला आवडलं. अंगठे उमटवण्यात माझं आयुष्य गेलं, मला सगळे अंगठाबहाद्दर म्हणत असतील. पण कशावर उमटवतेय एवढं मी समोरच्याला दर वेळी विचारते.

आणि आता ते सप्टेंबरमधलं लिखाण. सही ‘जुना श्रोता’. सरोजने मला ते पूर्ण वाचून दाखवलं होतं, दोन चहा झाले. या माणसाने पन्नास मिनिटं नीट ऐकलं होतं, मला वाटतं दोन-तीनदा ऐकलं होतं. कुठल्या तुकड्यात कितव्या मिनिटाला काय असायला हवं होतं आणि नाही, ते एकेक करून लिहिलं होतं. मग मात्र सुटला होता. म्हणे हे संगीत गळ्यापर्यंत कापलेलं आहे. म्हणे यांना आता ऐकू येत नाही की ऐकायचंच नाही. म्हणे ‘भोंगा’तल्या तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी वरणाच्या पातेल्यावरचं झाकण गरगरत गरगरत थांबतं, त्या एका झाकणात जो जीव होता तो इथे शोधून सापडत नाही. सरोज म्हणाली, छान लिहितो हो, पण जीभ काळी आहे. त्या तिसऱ्या तुकड्याला गेली पंचवीस वर्षं सगळी पोरं कारखान्यातलं चाक समजतात. कोणी त्याला लेथ म्हणतं, कोणी टर्बाइन. सत्याने आणि अमोलने कधी कोणाला खरं सांगितलं नाही, पोरांचा विरस नको म्हणून. ते झाकण माझं आहे. ते तू तीन वर्षांचा असताना ओट्यावरून पाडलंस, टेपची मशीन चालू होती, आणि तुझा बाप ओरडायचं सोडून हसत सुटला. हे झाकण आहे हे सत्या सोडून जगात पाच माणसांना माहीत होतं. त्यातले आजोबा गेले, अमोलला मराठी लिहायचा कंटाळा, मंजूषाला फक्त वह्यांवर लिहिता येतं, आणि मला लिहिताच येत नाही.

मला फार राग आला होता. टोमणा मारलास म्हणून नाही, घरात टोमणे मीच तुला शिकवले. जे जुलैत बापाला चार शब्दांत सांगायचं ते सप्टेंबरात नाव झाकून चारशे अनोळखी लोकांना सांगितलंस म्हणून. आणि तो टोमणा खरा निघाला म्हणून. तुला कुठे माहीत होतं, हेही खरंच. दोन महिने मी हे पत्र मनात रचत होते आणि ते याच्यापेक्षा बरंच तिखट होतं. दिवाळीत तू आला असतास तर ताटावरच वाढलं असतं.

ते तिखट पत्र मी पाठवत नाहीये, त्याचं कारण गेल्या गुरुवारचं आहे. सत्याचे कपडे कपाटात ठेवत होते, खणात तो मोजा होता आणि त्याच्याखाली घडी घातलेले कागद. मला वाटलं डॉक्टरांचे असणार, पुन्हा कधी बोलावलंय ते कळेल, म्हणून पदराआड लपवून सरोजकडे नेले. तिने दोन ओळी वाचल्या आणि थांबली. तुझं लिखाण होतं ते, छापून घेतलेलं, हाताळून हाताळून कडा मऊ झालेल्या. जागोजागी पेन्सिलीच्या रेघा. शिव्यांखाली एकही नाही, मी सरोजला तीनदा विचारलं. जिथे जिथे तू लिहिलंयस की इथे वर काहीतरी हवं होतं, तिथे रेघ आणि शेजारी बरोबरची खूण, झालं म्हणून. मधल्या एका पानावर समासात लिहिलंय, हे मला कधी ऐकूच आलं नसतं. आणि पहिल्या पानावर जिथे ‘जुना श्रोता’ आहे, तिथे वर पेन्सिलीने तुझं नाव, आणि तारीख तू लिहिलंस त्याच दिवसाची. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, बाळा. तो भोंगावाल्यांसाठी काही करत नाहीये. तुझा कागद समोर ठेवून तो एकेक ओळ पुरी करतोय, आणि कागदाला आवाज नसतो, त्यामुळे किती झालं ते त्याला कळत नाही, म्हणून वाढवत जातो, वाढवत जातो, आणि भिंतीपलीकडे मी कान झाकून बसते. मी दिलेला शब्द या पत्राने मोडला. तो रागावेल, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, असा किती दिवस रागावून राहील. तू माफीबिफी मागू नकोस, तुम्हा दोघांनाही ते नीट जमत नाही. ऐकलेलं सांगायला म्हणून ये. सहा तारखेच्या आत ये, म्हणजे हाताशी आठवडा राहतो. मागच्या खोलीचं दार जोरात वाजव, हळू वाजवलंस तर उघडणार नाही. आत जा, त्याच्या शेजारी बस, आणि जिथे टोचेल तिथे त्याला सांग, जाड आवाजात, त्याच्याकडे तोंड करून.

तुझीच,
घोगऱ्या आवाजाची आजी
(लिहिणारी सरोज. मजकुराशी सहमत, भाषेशी नाही.)

ता. क. आमसुलं संपली आहेत. इथली मिळतात ती लाकडासारखी, म्हणून मंजूषा आमटीत चिंच घालते आणि मी चांगली सून मिळाल्याचं तोंड करून गिळते. अर्धा किलो पाठव. काळी आणि ओलसर बघून घे, वर पांढरं मीठ फुटलेली नकोत. आणि कुरियरने अजिबात नको, पिशवीत तेल गळतं तसं त्यांचं पाणी गळतं. घरच्या माणसाच्या हाती, बरणीत घालून पाठव.